राजापूर लोकसभा मतदारसंघ : निर्मिती, निकाल आणि विलय

पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीनंतर झालेल्या पुनर्रचनेत दक्षिण कोकणात राजापूर हा लोकसभा मतदारसंघ आकाराला आला आणि 1957 ते 2004 या काळात तेथे 13 सार्वत्रिक निवडणुका झाल्या. मात्र एवढ्या निवडणुकांतून लोकसभेवर गेलेले प्रतिनिधी केवळ चार होते, आणि हेच या मतदारसंघाच्या राजकीय इतिहासाचे सर्वांत ठळक वैशिष्ट्य होय.

1957 मध्ये, संयुक्त महाराष्ट्राची चळवळ ऐन भरात असताना, प्रजा समाजवादी पक्षाचे नाथ पै येथून निवडून आले. मूळचे वेंगुर्ल्याचे असलेल्या पैंनी 1962 आणि 1967 मध्येही ही जागा राखली. गोलकनाथ खटल्यातील निकालानंतर मूलभूत हक्कांत दुरुस्ती करण्याचा संसदेचा अधिकार पुनःस्थापित व्हावा, यासाठी त्यांनी मांडलेले खासगी विधेयक, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याने मांडलेले विधेयक, संमत झाले नाही, परंतु त्यातून उभी राहिलेली चर्चा 1971 च्या चोविसाव्या घटनादुरुस्तीची पूर्वपीठिका ठरली.

लोकसभा विसर्जित झाल्यानंतर जानेवारी 1971 मध्ये पैंचे निधन झाले आणि त्यांच्या जागी मधु दंडवते उभे राहिले. ते अहमदनगरचे आणि मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयातील पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक, म्हणजे कोकणाबाहेरचे होते. तरीही इंदिरा गांधींच्या लाटेत देशभरात प्रजा समाजवादी पक्षाला मिळालेल्या दोन जागांपैकी एक राजापूरची होती. पुढे 1977, 1980 आणि 1984 मध्ये जनता पक्षाकडून व 1989 मध्ये जनता दलाकडून ते विजयी झाले. पक्ष आणि चिन्ह बदलत गेले, तरी मतदारांनी उमेदवार बदलला नाही. चाकरमान्यांच्या मनीऑर्डरींवर चालणाऱ्या या प्रदेशाला मुंबईशी लोहमार्गाने जोडण्याचा प्रश्न त्यांनी लावून धरला. ते 1977 ते 1979 या काळात रेल्वेमंत्री होते, तर 1990 मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले तेव्हा अर्थमंत्री होते.

समाजवाद्यांची ही 34 वर्षांची परंपरा 1991 मध्ये काँग्रेसच्या सुधीर सावंत यांनी खंडित केली. परंतु काँग्रेसला ही जागा टिकवता आली नाही, कारण 1996 पासून 2004 पर्यंतच्या चारही निवडणुका शिवसेनेचे सुरेश प्रभू यांनी जिंकल्या.

2001 च्या जनगणनेवर आधारलेली परिसीमन आयोगाची, म्हणजे मतदारसंघांच्या सीमा ठरविणाऱ्या आयोगाची, रचना 2008 मध्ये लागू झाली, तेव्हा राजापूर आणि रत्नागिरी हे दोन्ही मतदारसंघ संपुष्टात आले. दापोली व गुहागर रायगडात गेले, तर चिपळूणपासून सावंतवाडीपर्यंतच्या सहा विधानसभा क्षेत्रांचा रत्नागिरी-सिंधुदुर्ग मतदारसंघ झाला. तेथे 2009 मध्ये काँग्रेसचे नीलेश राणे यांनी प्रभूंचा पराभव केला, 2014 आणि 2019 मध्ये शिवसेनेचे विनायक राऊत यांनी नीलेश राणे यांना हरविले आणि 2024 मध्ये भाजपचे नारायण राणे यांनी राऊत यांच्यावर 47,858 मतांनी मात केली. या चार लढतींत राणे कुटुंब तीन वेगवेगळ्या पक्षांतर्फे उतरले व त्यांपैकी दोनच जिंकले. त्यावरून असे दिसते की, चिन्ह बदलूनही मते कायम ठेवणारी, दंडवत्यांच्या काळातील वैयक्तिक निष्ठा नव्या मतदारसंघात तशी उरली नाही आणि तिची जागा पक्षसंघटनांच्या चुरशीने घेतली.