‘ऊमरा’चे महायुद्ध

विसाव्या शतकाच्या आरंभी लिव्हरपूलच्या कापूस बाजारात ‘ऊमरा’ हा शब्द रोजच्या बोलण्यातला होता. ऊमरा म्हणजे उमरावती, आपली अमरावती. व्यापाऱ्यांनी नावाची शेपटी छाटली, पण त्याचा पसारा वाढवत नेला. वऱ्हाड, खानदेश, मध्य प्रांत, निजामाचा काही मुलूख, अशा सगळीकडचा आखूड धाग्याचा कापूस या एकाच नावावर खपू लागला. ब्रेमेनच्या व्यापाऱ्याला नकाशावर अमरावती सापडली असती की नाही कोण जाणे. तिच्या रुईचा भाव मात्र त्याला पाठ असे.

परक्यांच्या लढाईने वऱ्हाडाचे भाव हलवल्याचा अनुभव जुनाच होता. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी माजली, तिकडचा कापूस अडला आणि इकडच्या शेतकऱ्याच्या हातात एकदम रुपये खुळखुळले. यादवी संपली तसे भाव कोसळले. पण रेल्वे, सरकी काढणारे जिन आणि गाठी बांधणारे प्रेस वऱ्हाडात आले ते कायमचेच. 1870 मध्ये खामगावपर्यंत आगगाडी धावू लागली. 1897 मध्ये तर वऱ्हाडातल्या कापूस आणि धान्य बाजारांसाठी वेगळा कायदाच झाला. बाजार कसा भरवावा, याबाबत बाकीच्या हिंदुस्थानाने पुढे वऱ्हाडाचाच कित्ता गिरवला, हे वऱ्हाडी माणूस स्वतःही फारसे सांगत नाही.

ऑगस्ट 1914 मध्ये युरोपात तोफा सुरू झाल्या तेव्हा मृगावर पेरलेली पऱ्हाटी शेतात उभी होती. जपानखालोखाल ऊमराचे मोठे गिऱ्हाईक म्हणजे युरोप खंड, आणि त्यात जर्मनी महत्त्वाचा. ते दार एका आठवड्यात बंद झाले. बेल्जियमच्या गिरण्या जर्मन फौजांच्या टाचेखाली गेल्या. सप्टेंबरात ‘एम्डेन’ या जर्मन युद्धनौकेने मद्रासवर गोळे टाकले, हिंदी महासागरात व्यापारी जहाजे बुडवली, आणि मालाच्या विम्याचे दर चढले. अशा वेळी कापसाचे पीक घरात येणार होते. त्या हंगामात भाव पडले. पेरणीच्या वेळी सावकाराकडून उचललेले कर्ज वेचणीनंतर फेडायचे, हा शेतकऱ्याचा वर्षाचा हिशेब. महायुद्ध पेटवणाऱ्या साराजेव्होच्या पिस्तुलाने तो मोडला.

इंग्रजांना या कापसाची धास्ती वेगळ्याच कारणाने वाटत होती. रुईवर नत्राम्लाची प्रक्रिया केली की तिचा स्फोटक ‘गनकॉटन’ होतो. बिनधुराच्या दारूचे मूळच ते. म्हणून ब्रिटनने ऑगस्ट 1915 मध्ये कापूस युद्धनिषिद्ध माल ठरवला. गोधडीत भरायची रुई तोफेच्या दारूच्या पंक्तीत जाऊन बसली. जर्मन रसायनतज्ज्ञांनी मग लाकडाच्या लगद्यावर काम भागवले.

युरोपचे दार बंद झाल्यावर जपान आणखी महत्त्वाचा झाला. मुंबईच्या गिरण्यांनाही तेजी आली. मँचेस्टरचे कापड आणायला जहाजे उरली नव्हती, त्यामुळे देशी मालाला उठाव होता. 1917-18 मध्ये भाव असे चढले, आणि सट्टा असा माजला, की सरकारला मुंबईच्या कापूस सौद्यांवर नियंत्रण आणावे लागले. 784 पौंडांच्या खंडीचा भाव तारेने यायचा आणि बाजारात रुमालाखाली बोटे दाबून ठरायचा. या तेजीतला मोठा वाटा आडत्या, दलाल आणि प्रेसवाल्यांच्या पेटीत गेला असणार. माल धरून ठेवायची ऐपत त्यांचीच होती. ज्याच्या शेतात कापूस पिकला त्याला धोतरजोडी मात्र महाग झाली. कापड इतके भडकले की 1918 मध्ये सरकारने कायदा करून ठरावीक दराचे ‘स्टँडर्ड क्लॉथ’ काढले.

राजकारणातही युद्धाचा हिशेब मागितला जात होता. 1917 च्या जानेवारीत टिळक अकोल्यात आणि यवतमाळात स्वराज्यावर बोलले. त्यांचे जिवाभावाचे स्नेही म्हणजे अमरावतीचे वकील दादासाहेब, अर्थात गणेश श्रीकृष्ण खापर्डे. हौशी, बोलघेवडे, रोजनिशी नेमाने लिहिणारे असे हे गृहस्थ तेव्हा केंद्रीय कायदे मंडळात होते. एप्रिल 1918 च्या अखेरीस व्हाइसरॉय चेम्सफर्ड यांनी दिल्लीत युद्ध परिषद भरवली. सैन्यभरतीला आणखी माणसे हवी होती. टिळकांना बोलावणे नव्हते. गांधीजी गेले आणि भरतीच्या ठरावाला त्यांनी हिंदीतून एका वाक्यात पाठिंबा दिला. खापर्ड्यांनी मात्र जबाबदार राज्यपद्धतीची मागणी करणारा ठराव पुढे केला. माणसे मागता, तर हक्कही द्या, हा त्याचा मथितार्थ. व्हाइसरॉयनी ठराव मांडूच दिला नाही. दीड महिन्याने मुंबईच्या तशाच परिषदेत गव्हर्नर विलिंग्डन यांनी टिळकांना मध्येच अडवले, तेव्हा टिळक सभा सोडून निघून गेले.

त्या वर्षी पाऊसही दगा देऊन गेला. ज्वारी हाती लागली नाही, आणि त्यातच जहाजांबरोबर आलेला इन्फ्लुएन्झा मुंबईहून आगगाडीने आत शिरला. लोक त्याला ‘मानमोडी’ म्हणत. ऑक्टोबर-नोव्हेंबरात त्याने कहर केला. मध्य प्रांत आणि वऱ्हाड या प्रांताची तेव्हाची नोंद देशातल्या सर्वात वाईट नोंदींपैकी आहे: हजार माणसांमागे साठाहून अधिक बळी. धडधाकट तरुण माणसे आणि बाया यात जास्त गेल्या, म्हणजे ज्यांनी कापूस वेचायचा तीच. 11 नोव्हेंबरला युरोपात युद्धबंदी झाल्याची तार आली तेव्हा वऱ्हाडात बोंडे फुटली होती.