‘शुश्रूषा’ या संज्ञेचा प्रवास आणि शुश्रूषागृहाच्या गुणवत्तेचे मूल्यमापन

म्हैसूरच्या वायव्येस, कृष्णराजसागराकडे जाणाऱ्या मार्गावर मेटगळ्ळी हे जुने गाव आता औद्योगिक उपनगर झाले आहे. अशा उपनगरात ‘नर्सिंग होम’ ही पाटी वाचणाऱ्याला लहान खाजगी रुग्णालय अभिप्रेत असते. तिथे प्रसूती होते, शस्त्रक्रिया होते आणि रुग्ण काही दिवसांत घरी परततो. हीच पाटी इंग्लंड-अमेरिकेतील वाचकाला मात्र वेगळे सांगते. त्याच्या दृष्टीने ते परावलंबी वृद्धांच्या दीर्घ, बहुधा अखेरच्या, मुक्कामाचे ठिकाण असते. एकाच संज्ञेचे हे दोन अर्थ केवळ भाषिक कुतूहलाचा विषय नाहीत. शुश्रूषेची गुणवत्ता कोणी व कशाच्या आधारे मोजायची, हा प्रश्न या अर्थभेदात अडकलेला आहे. प्रस्तुत निबंधात त्याचा ऐतिहासिक मागोवा घेतला आहे.

मराठी कायद्याच्या भाषेने ‘नर्सिंग होम’साठी ‘शुश्रूषागृह’ हा प्रतिशब्द स्वीकारला. ‘शुश्रूषा’ हे ‘श्रु’ या धातूचे इच्छार्थक रूप आहे आणि त्याचा मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा असा होतो. गुरूचे वचन ऐकू इच्छिणारा शिष्य गुरूची सेवाही करतो, म्हणून शब्दाला सेवेचा अर्थ आला आणि पुढे तो रुग्णसेवेपर्यंत पोहोचला. कन्नडमध्येही ‘शुश्रूषे’ हा शब्द रुग्णसेवेच्या अर्थाने रूढ आहे. तथापि या अर्थविस्ताराला एक काळी बाजू आहे. धर्मशास्त्रीय ग्रंथांत शुश्रूषा हे शूद्रांचे कर्तव्य म्हणून सांगितले गेले. पत्नीनेही पतीची शुश्रूषा करावी अशी अपेक्षा होती. म्हणजे ऐकणे हे अधीनतेचे लक्षण ठरले. जो ऐकतो तो कनिष्ठ, ज्याचे ऐकले जाते तो श्रेष्ठ. या क्रमात दुर्बल रुग्णाचे ऐकणे कुठे बसते, हा प्रश्न संज्ञेनेच मागे ठेवला आहे.

वैद्यकपरंपरेने वेगळी दिशा दाखविली होती. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, औषधद्रव्य, परिचारक आणि रुग्ण. परिचारकाच्या ठिकाणी उपचारांचे ज्ञान, दक्षता, रुग्णाविषयी अनुराग आणि शुचिता हे चार गुण अपेक्षिले आहेत. हे शुश्रूषेच्या गुणवत्तेचे निकषच होत. विशेष म्हणजे रुग्णही चिकित्सेचा एक पाद मानला आहे. आपल्या व्याधीविषयी सांगता येणे हा त्याचा गुण गणला आहे. सांगणारा रुग्ण गृहीत धरला की ऐकणारा परिचारकही गृहीत धरावा लागतो.

आधुनिक महाराष्ट्रात शुश्रूषेला व्यवसायाची प्रतिष्ठा मिळवून देण्याचा महत्त्वाचा प्रयत्न पुणे सेवासदनाने केला. १९०९ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेने रमाबाई रानडे आणि गो. कृ. देवधर यांच्या पुढाकाराने स्त्रियांना ससून रुग्णालयात परिचारिकेच्या शिक्षणासाठी पाठविले. परक्याच्या देहाला स्पर्श करण्याचे काम उच्चवर्णीय स्त्रीने, त्यातही विधवेने, करणे त्या काळी सहज स्वीकारले जाणारे नव्हते. घरातील विनामोल कर्तव्य आता शिक्षण, परीक्षा आणि वेतन यांच्या कक्षेत आले. शुश्रूषेचे मूल्यमापन शक्य झाले ते या टप्प्यावर, कारण जे काम मानले जात नाही ते मोजलेही जात नाही.

कायद्याने मोजमापाची चौकट आखली ती १९४९ च्या मुंबई शुश्रूषागृह नोंदणी अधिनियमाने. त्याच्यापुढे १९२७ च्या इंग्लिश कायद्याचा नमुना होता. इंग्लिश व्याख्येत आजार, इजा वा दुर्बलता असलेल्या व्यक्तींना ठेवून घेऊन त्यांची शुश्रूषा करणारी जागा अभिप्रेत होती. मुंबईच्या व्याख्येत ‘उपचार आणि शुश्रूषा’ असे दोन्ही शब्द आले. फरक एका शब्दाचा आहे, पण परिणाम दूरगामी आहे. उपचार केंद्रस्थानी आल्याने शुश्रूषागृह म्हणजे रुग्णालय हे समीकरण पक्के झाले. ज्याला उपचारापेक्षा आधाराची गरज आहे असा दुर्बल वृद्ध व्याख्येत राहूनही व्यवहारात तिच्याबाहेर पडला. त्याच्यासाठी ‘आश्रम’ हा दुसरा शब्द योजला गेला. आश्रमाला दाते असतात, आश्रयदाते असतात. तपासनीस असतोच असे नाही. पुण्यात १८६० च्या दशकात उभ्या राहिलेल्या डेव्हिड ससून अनाथ पंगू गृहाच्या नावातच ही दानधर्माची परंपरा दिसते.

कर्नाटकाने १९७६ मध्ये खाजगी शुश्रूषागृहांच्या नियमनाचा स्वतंत्र कायदा केला. २००७ च्या कायद्याने त्याची जागा घेतली, तेव्हा शीर्षकातून ‘नर्सिंग होम’ हा शब्दच गेला आणि ‘खाजगी वैद्यकीय आस्थापना’ ही संज्ञा आली. मेटगळ्ळीतील पाटी तीच राहिली, तरी नोंदवहीतील नाव बदलले. त्याच वर्षी संमत झालेल्या केंद्रीय ज्येष्ठ नागरिक कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार वृद्धांसाठी निवासाची तरतूद सुचविली. एक कायदा उपचार पाहतो, दुसरा आसरा पाहतो. या दोहोंच्या मध्ये जी शुश्रूषा असते, तिच्याकडे पाहणारी नजर क्षीण राहते.

मूल्यमापनाच्या शास्त्रात १९६६ मध्ये अवेडिस डोनाबेडियन यांनी रचना, प्रक्रिया आणि फलित अशी त्रिसूत्री मांडली. आपले नोंदणी कायदे मुख्यतः रचनेवर थांबतात: जागा, खाटा, पात्र परिचारिकांचे प्रमाण. अमेरिकेत १९८६ च्या अभ्यास-अहवालानंतर १९८७ च्या कायद्याने प्रत्येक निवासी वृद्धाच्या अवस्थेचे ठराविक काळाने मूल्यांकन बंधनकारक केले. २००८ च्या अखेरीस पाच ताऱ्यांची श्रेणीपद्धती आली. तिच्यातील काही आकडे संस्था स्वतःच पुरवीत, म्हणून मनुष्यबळाची नोंद २०१६ पासून वेतनपटावर आधारणे सक्तीचे झाले. या इतिहासातील सर्वांत अर्थपूर्ण पाऊल मात्र २०१० चे आहे. मूल्यांकनाच्या सुधारित प्रपत्रात वेदना, मनःस्थिती आणि आवडीनिवडी यांविषयी प्रत्यक्ष वृद्धालाच विचारण्याची तरतूद झाली. मोजमापाचे शास्त्र बऱ्याच वळणांनी ‘शुश्रूषे’च्या धात्वर्थापाशी येऊन पोहोचले.

मराठी रंगभूमीने हा निकष बराच आधी ओळखला होता. वि. वा. शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’मध्ये (१९७०) गणपतराव बेलवलकर ज्या घरांत राहतात तिथे अन्न-आसरा कमी नाही, रचनेच्या कसोटीवर ती घरे उत्तीर्णच होतील. त्यांचे बोलणे मात्र त्या घरांत अडगळ ठरते, आणि ते ऐकणारा भेटतो तो रस्त्यावरचा बूटपॉलिशवाला मुलगा. जयवंत दळवींच्या ‘संध्याछाया’तील वृद्ध दांपत्यही ऐकणाऱ्याच्या शोधात आहे. घर हेच निर्दोष शुश्रूषागृह, ही समजूत ही दोन्ही नाटके मोडून काढतात. संस्थेवर ठेवला जाणारा उपेक्षेचा ठपका कुटुंबालाही चुकत नाही, हे त्यांचे सांगणे मूल्यमापनाच्या चर्चेत विसरता येत नाही.

यावरून एक निष्कर्ष काढता येतो. खाटा, परिचारिका आणि स्वच्छता यांची तपासणी अनिवार्य आहे, कारण तिच्यावाचून अनुरागाची भाषा पोकळ ठरते. परंतु ती तपासणी पुरेशी नाही. महाराष्ट्राच्या २०२१ च्या सुधारित नियमांनी रुग्णहक्कांची सनद दर्शनी लावणे आणि तक्रारनिवारणाची सोय करणे बंधनकारक केले, म्हणजे रुग्णाला बोलण्याचा अधिकार लिहून दिला. मात्र ज्याला उठून तक्रार करता येत नाही, ज्याची स्मृती मावळली आहे, जो घरच्या भाषेपासून दूरच्या गावी अंथरुणाला खिळला आहे, त्याच्याबाबतीत अधिकार लिहून भागत नाही. त्याच्यापर्यंत जाऊन त्याच्या भाषेत विचारणारा कोणी असावा लागतो. मेटगळ्ळीत असो वा पुण्यात, शुश्रूषागृहाची खरी परीक्षा तिथे आहे.