विक्रीयंत्राची जागा व दुकानाचा मालकीबदल

चहा-कॉफी, थंड पेये, पाणी किंवा खाऊ विकणारे यंत्र एकाच्या मालकीचे आणि ते जिथे उभे आहे ते दुकान, हॉटेल वा कारखाना दुसऱ्याचा, असा हा व्यवहार. जागा देणारा धंदा विकला गेला, वारसांकडे गेला किंवा दुसऱ्या कोणी चालवायला घेतला, की यंत्र राहणार की जाणार हा प्रश्न उभा राहतो. नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर हे राज्यसीमेवरचे गाव अनुसूचित क्षेत्रात येत असल्याने तेथे या प्रश्नाला आणखी दोन पदर जोडले जातात.

पैसे भरताच पाकीट खाली पडणारे यंत्र तालुक्याच्या गावी क्वचितच दिसते. तेथे याच जातीचा व्यवहार दिसतो तो शीतपेय कंपनीचा काचेच्या दाराचा कूलर, आइस्क्रीमचा डीप फ्रीझर आणि चहा-कॉफीचे मशीन यांच्या रूपात. दुकानदार बहुधा डिपॉझिट भरतो, विजेचे बिलही त्याच्याच माथी असते. मग काही वर्षांनी तो फ्रीझर त्याला आपलाच वाटू लागतो. दुकान विकताना ‘फर्निचर, फ्रिज, पंख्यांसकट’ असे लिहून दिले जाते ते याच समजातून.

कायद्याच्या दृष्टीने येथे वस्तू वेगळी आणि जागा वेगळी. वस्तूबाबत यंत्रमालकाची बाजू भक्कम आहे. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 148 नुसार दुकानदाराकडे ठेवलेले यंत्र ही निक्षेपाची वस्तू ठरते. ठरलेला हेतू संपला की ती परत करायची. मालविक्री कायदा, 1930 च्या कलम 27 प्रमाणे विकणाऱ्याकडे जेवढा हक्क आहे त्याहून अधिक हक्क घेणाऱ्याला मिळत नाही, म्हणून ‘फ्रिजसकट’ दुकान घेणाऱ्याकडे कंपनीचा फ्रीझर जात नाही. त्याच कलमात अपवादही आहे : मालकाच्याच वागण्यामुळे विकणाऱ्याला अधिकार आहे असे भासले असेल, तर मालकाला नंतर तक्रार करता येत नाही. यंत्रावर मालकाचे नाव आणि अनुक्रमांक असलेली पत्र्याची पट्टी ठोकलेली असते तिचे मोल अशा वेळी कळते. चिकटवलेला कागद दुकानाच्या पहिल्याच रंगकामात नाहीसा होतो.

जागेबाबत मात्र यंत्रमालक दुबळा आहे. भारतीय सुविधाधिकार कायदा, 1882 मुंबई इलाख्याला 1891 मध्ये लागू झाला. नवापूर तेव्हा खानदेश जिल्ह्यात होते. कोपऱ्यात यंत्र ठेवू देणे हा या कायद्याच्या कलम 52 मधील परवाना. त्याने जागेत कोणताही हक्क निर्माण होत नाही. कलम 59 तर स्पष्टच सांगते की परवाना देणाऱ्याने जागा हस्तांतरित केली, तर ती घेणारा केवळ घेणारा म्हणून त्या परवान्याने बांधला जात नाही. पाच वर्षांचा करार झाला असेल आणि दुसऱ्याच वर्षी जागा विकली गेली, तर उरलेल्या मुदतीचा कागद नव्या मालकापुढे चालत नाही. नुकसान झाले तर दावा जुन्या मालकावर, करारभंगाचा. कलम 63 एवढेच देते की परवाना रद्द झाल्यावर आपला माल हलवायला वाजवी मुदत मिळते. ‘उद्या सकाळपर्यंत उचला’ ही मुदत वाजवी म्हणता येणार नाही. पण कायद्यात दिवसांचा आकडा नाही, तो करारातच घालावा लागतो.

मालक बदलला असे सांगितले जाते तेव्हा नेमके काय बदलले ते आधी पाहावे. इमारत विकली गेली आणि भाडेकरू दुकानदार तोच राहिला, तर यंत्राचा करार त्या दुकानदाराशी असल्याने भाडेपट्टा चालू असेतो तो सहसा चालूच राहतो. कारखाना कंपनीच्या नावावर असेल आणि केवळ तिचे भाग विकले गेले, तर करार करणारी कंपनी तीच राहते. भागीदारी पेढीत एक भागीदार वारला, तर वेगळा करार नसल्यास 1932 च्या भागीदारी कायद्याच्या कलम 42 नुसार पेढीच संपते.

सुरत-धुळे महामार्गालगतच्या हॉटेलांबाबत चौथा प्रकार संभवतो : जमीनमालक तोच, हॉटेल चालवायला घेणारा नवा. नवापूर तालुका अनुसूचित क्षेत्रात आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 36अ नुसार आदिवासी खातेदाराची जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वमंजुरीशिवाय बिगर-आदिवासीला विकता येत नाही, पट्ट्यानेही देता येत नाही. चालवणाऱ्याचा स्वतःचाच कागद असा कच्चा असेल, तर त्याने यंत्राला दिलेली परवानगी त्याहून पक्की कशी असणार? करार करण्यापूर्वी सातबारा पाहण्याचा कंटाळा येथे महाग पडतो.

बदलाची कुणकुण लागताच यंत्रमालकाने जुना दुकानदार, नवा दुकानदार आणि स्वतः अशा तिघांच्या सह्यांचा कागद करणे सर्वांत सोयीचे. करार कायद्याच्या कलम 62 नुसार जुन्याच्या जागी नवा करार येतो. ताबा देण्याच्या दिवशी गल्ल्यातील रोकड आणि आतला माल तिघांसमोर मोजावा, डिपॉझिट कोणाला परत द्यायचे ते लिहावे आणि यंत्रावर चिकटवलेला यूपीआयचा क्यूआर कोड कोणाच्या खात्याचा आहे ते तपासावे. हा शेवटचा मुद्दा हमखास विसरला जातो आणि जुन्या दुकानदाराच्या खात्यात पैसे जात राहतात. विजेच्या थकबाकीचीही चौकशी हवी : नियमांत तरतूद असेल तर आधीच्या ग्राहकाची थकबाकी नव्या मालकाकडून वसूल करता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये के. सी. निनान खटल्यात मान्य केले. वीज तुटली की फ्रीझरमधला माल वितळतो, मग वाद कोणाचाही असो. खाद्यपरवाना दुकानाबरोबर विकत मिळत नाही, नव्या मालकाला तो स्वतःच्या नावाने काढावा लागतो. परवानाधारक वारला तर वारसांसाठी तो 90 दिवस चालतो.

नव्या मालकाने नकार दिला, तर यंत्रासाठी दुसरी जागा शोधावी लागते आणि नवापुरात ती काही मिनिटांच्या अंतरावर, पण गुजरातेत असू शकते. येथील रेल्वेस्थानकातूनच दोन राज्यांची सीमा जाते; तिकीट खिडकी महाराष्ट्रात आणि स्टेशनमास्तरांचे कार्यालय तापी जिल्ह्याच्या उच्छल तालुक्यात आहे. जीएसटी नोंदणी मात्र राज्यवार असते : महाराष्ट्राचा क्रमांक 27 ने सुरू होतो, गुजरातचा 24 ने. एकाच मालकाच्या दोन राज्यांतील नोंदण्या कायदा दोन वेगळ्या व्यक्ती मानतो. त्यामुळे विक्री स्वतःच्या नावाने करणाऱ्याने यंत्र उच्छलला हलवले तर तेथे गुजरातची नोंदणी हवी, आणि यंत्राची किंमत 50,000 रुपयांहून अधिक असेल तर ते टेम्पोत चढवण्यापूर्वी ई-वे बिलही.