शिवकालीन पथकातील नवा शिपाई : रचना, शस्त्र आणि रसद
(सातारा-सांगली परिसराच्या संदर्भात)

प्रस्तावना

मराठ्यांच्या लष्करी इतिहासाचे लेखन प्रामुख्याने सेनानी, लढाया आणि गडकोट यांभोवती झालेले आहे. पागेत नव्याने दाखल झालेल्या बारगिराच्या हाती कोणते शस्त्र येत असे, तो कोणाच्या आधाराने लढत असे आणि त्याच्या पाण्याची व घोड्याची तजवीज कोण करी, हे प्रश्न त्या मानाने मागे राहिले. आजचा विद्यार्थी मात्र हेच प्रश्न वेगळ्या वाटेने वर्गात घेऊन येतो. १९७४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाच्या धर्तीवर पुढे अनेक संगणकीय खेळ निर्माण झाले. त्यांत खेळाडूला एकट्या वीराऐवजी चार-सहा जणांचे पथक चालवावे लागते. अशा खेळात नवशिक्याला साधारणपणे चार गोष्टी सांगितल्या जातात : पथकात निरनिराळ्या कामांची माणसे असावीत, भारी शस्त्राआधी अंगरक्षणाची सोय करावी, पथक सोडून एकट्याने पुढे धावू नये, आणि रसद संपू देऊ नये.

काल्पनिक खेळातील हे नियम सतराव्या शतकातील खऱ्या सैन्याला कितपत लागू पडतात, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. त्यासाठी सभासद बखर, छत्रपती शिवाजी महाराजांचे १६७४ चे छावणीविषयक पत्र आणि जेम्स ग्रँट डफचा १८२६ मध्ये प्रसिद्ध झालेला मराठ्यांचा इतिहास ही साधने विचारात घेतली आहेत. यांपैकी पत्र समकालीन आहे. बखर महाराजांच्या निधनानंतर, राजाराम महाराजांच्या काळात जिंजी येथे लिहिली गेली. डफचे लेखन तर दीड शतकानंतरचे आहे. तेव्हा तिघांचे प्रामाण्य सारखे मानता येणार नाही, हे येथे नमूद करणे आवश्यक आहे.

पथकाची रचना

सभासदाने दिलेल्या माहितीनुसार पागेतील पंचवीस बारगिरांवर एक हवालदार असे. पाच हवालदारांचा एक जुमला, दहा जुमल्यांवर एक हजारी आणि पाच हजारींवर एक पंचहजारी अशी ही चढती रचना होती. पायदळात नऊ पायकांवर एक नाईक आणि पाच नाइकांवर एक हवालदार असे. अभ्यासकांनी या उतरंडीची नोंद वारंवार घेतली आहे. परंतु तिच्या सर्वांत खालच्या पायरीवरील एका तपशिलाकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद नेमलेला असे. म्हणजे हवालदारासह अठ्ठावीस माणसांच्या या घटकात दोघे पाणी आणि घोड्याच्या टापा सांभाळण्यासाठी होते. पथक लहान असले तरी ते स्वयंपूर्ण असावे, हे तत्त्व या योजनेत स्पष्ट दिसते.

नव्या माणसाच्या प्रवेशाचीही रीत होती. डफच्या म्हणण्याप्रमाणे नोकरीस येणाऱ्या मावळ्याची पारख महाराज स्वतः करीत आणि आधीपासून चाकरीत असलेल्या कोणाचा तरी जामीन घेतला जाई. या जामिनाचा अर्थ केवळ इमानाची हमी एवढाच घेऊ नये. नव्या शिपायाची चूक जुन्याच्या अंगावर येणार असल्यामुळे त्याला शिकवून तयार करण्यात जुन्याचेही हित गुंतलेले राही.

शस्त्र आणि पेहराव

डफने मराठी स्वाराच्या पेहरावाचे वर्णन केले आहे. गुडघ्याखाली जाणारी तंग तुमान, हनुवटीखालून वेढा घेऊन घट्ट केलेले पागोटे, कापूस भरून शिवलेला अंगरखा आणि तलवार बांधण्यासाठी कमरेला शेला, असा तो वेश होता. पोलादी चिलखत सर्वांच्या आवाक्यातले नव्हते आणि त्याचे वजन चपळ हालचालीला मानवणारेही नव्हते. दौड करताना पागोटे सुटू नये आणि वार अंगात खोल उतरू नये, एवढी दक्षता साध्या कापडातून घेतलेली दिसते.

शस्त्रांच्या वाटपातही विचार होता. स्वारांकडे ढाल-तलवार असे, काहींजवळ बंदुका असत. पण त्यांचे खास शस्त्र भाला हे होते. पायदळात मावळे हातघाईच्या लढाईत निष्णात, तर कोकणातील हेटकरी नेमबाजीत सरस मानले जात. मावळ्यांत दर दहा माणसांत एकाजवळ बंदुकीऐवजी धनुष्यबाण असे, ही डफची नोंद विशेष महत्त्वाची आहे. रात्रीच्या छाप्यात बंदुकीचा आवाज घातक ठरे. तेथे बाण उपयोगी पडे. एकच उत्तम शस्त्र सर्वांना देण्यापेक्षा पथकाची गरज पाहून शस्त्रे विभागलेली होती.

प्रदेश आणि युद्धतंत्र

शस्त्राचे मोल प्रदेशानुसार बदलते, हे या परिसरातील दोन प्रसंगांवरून दिसून येते. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी अफजलखानाची भेट झाली, तेव्हा महाराजांनी अंगरख्याखाली चिलखत आणि मंदिलाखाली लोखंडी टोप घातल्याचे बखरी सांगतात. लोकस्मृतीत वाघनखे राहिली, तरी प्रथम योजना संरक्षणाची होती. शिवाय दोन्ही बाजूंस मोजके अंगरक्षक होते. सय्यद बंडाचा वार जिवा महालाने परतविला आणि जावळीच्या अरण्यात दबा धरलेल्या फौजेने पुढचे काम केले.

त्यानंतर थोड्याच महिन्यांत, १६६० च्या आरंभी, महाराजांनी मिरजेच्या भुईकोटास वेढा घातला. येथे अरण्य नव्हते, घाट नव्हता. खंदक व तट असलेला सपाटीवरील कोट जिंकण्यास भारी तोफा आणि दीर्घ अवधी लागतो. सिद्दी जौहर चालून येत असल्याने वेढा उठवून महाराज पन्हाळ्यास गेले. मिरज मराठ्यांच्या ताब्यात आली ती शाहू महाराजांच्या कारकिर्दीत, १७३९ मध्ये. कृष्णेच्या वरच्या खोऱ्यातून खालच्या खोऱ्यात उतरताच त्याच फौजेपुढील प्रश्न बदलला होता.

उमराणी आणि नेसरी

पाणी आणि एकजूट यांचे महत्त्व सरनौबत प्रतापराव गुजर यांच्या अखेरच्या दोन लढायांत दिसते. प्रतापराव हे खटाव तालुक्यातील भोसरे गावचे. एप्रिल १६७३ मध्ये जत तालुक्यातील उमराणी येथे त्यांनी बहलोलखानाच्या फौजेचे पाणी तोडले. ऐन उन्हाळ्यात त्या कोरड्या मुलखात माणसे व जनावरे तहानेने हैराण झाली आणि खानाला शरण येणे भाग पडले. दर पंचवीस घोड्यांमागे पखालजी नेमण्यामागील दृष्टी येथे शत्रूच्या बाजूने सिद्ध झाली.

प्रतापरावांनी खानास सोडून दिले, ही गोष्ट महाराजांना रुचली नाही. पुढे खान पुन्हा चालून आला. फेब्रुवारी १६७४ मध्ये नेसरीजवळ प्रतापराव अवघ्या सहा स्वारांनिशी त्याच्यावर तुटून पडले आणि सातही जण ठार झाले. या बलिदानाचा महाराष्ट्राला सार्थ अभिमान आहे. तथापि लष्करी दृष्ट्या पाहता, सेनापती फौजेपासून तुटला की त्याचा पराक्रमही त्याला वाचवू शकत नाही, हेच त्यातून दिसते. मागे राहिलेली फौज आनंदरावांनी सावरली आणि पुढे कराडजवळच्या तळबीडचे हंसाजी मोहिते ‘हंबीरराव’ या किताबासह सरनौबत झाले.

छावणीतील शिस्त

नेसरीनंतर अडीच महिन्यांनी, ९ मे १६७४ रोजी, चिपळूणजवळ हलवर्ण येथील छावणीतील जुमलेदार, हवालदार व कारकुनांना महाराजांनी लिहिलेले पत्र या संदर्भात मुळातून वाचण्यासारखे आहे. त्यात शस्त्रांऐवजी दाणा, वैरण आणि दिवा यांचा विचार आहे. पावसाळ्यासाठी साठविलेली वैरण आताच उधळली तर पुढे घोडी मरतील आणि ती तुम्हीच मारल्यासारखे होईल. मग तुम्ही कुणब्यांकडून धान्य, भाकरी, भाजी हिसकावू लागाल आणि रयत तुम्हाला मोगलांहून वाईट मानील. हवे ते बाजारातून विकत घ्यावे. गवताजवळ विस्तव नेऊ नये. जळती वात उंदराने ओढून नेली तरी सारी गंज पेटेल, असा त्याचा आशय आहे. शिपायाचे वर्तन, घोड्याचे पोट आणि रयतेचा विश्वास यांची एकच साखळी येथे मांडलेली आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, शिवकालीन नव्या शिपायाची सुरक्षितता त्याच्या तलवारीपेक्षा पथकाच्या रचनेवर आणि रसदेच्या शिस्तीवर अधिक अवलंबून होती. खेळातील नियमांशी हे साम्य जमते. परंतु एक भेद मूलभूत आहे. खेळात रसद पटावर आयती मिळते. इतिहासात ती कुणब्याच्या शेतातून येते आणि तिची किंमत कोणीतरी मोजलेली असते.

जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील वाघनखे साताऱ्यात प्रदर्शित झाली. ती महाराजांनी वापरलेलीच आहेत असे निश्चित सांगता येत नाही, ही त्या संग्रहालयाची भूमिका आहे. त्यांच्या पेटीवरील मजकूर ती साताऱ्यास रेसिडेंट असलेल्या ग्रँट डफला मिळाल्याचे सांगतो. त्याच डफने आपल्या ग्रंथात सामान्य स्वाराचा कापसाचा अंगरखा, पागोट्याचा वेढा आणि दहांतल्या एकाचे धनुष्य नोंदवून ठेवले आहे. त्याच्या नावाशी जोडलेल्या वस्तूची चर्चा पुष्कळ झाली. त्याच्या या नोंदींची मात्र फारशी झाली नाही.

सातारा व सांगली जिल्ह्यांतील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांना येथे काम करण्यास वाव आहे. प्रतापगड, मिरज आणि उमराणी येथील क्षेत्रभेटींत विद्यार्थ्यांनी रणभूमीबरोबरच पाणवठे, वाटा आणि चराऊ रानेही नकाशावर घ्यावीत. सभासदाच्या त्या नोंदीत पखालजी आणि नालबंद केवळ संख्येने येतात, नावाने येत नाहीत. त्यांची नावे आता मिळणे कठीण आहे. पण त्यांचे काम शिकविणे आपल्या हाती आहे.