हिवाळ्यात नांगरलेली वीज

उत्तरेकडील थंड देशांत नदी-सरोवरांवरच्या लहान नौका शरद ऋतू सरताना पाण्याबाहेर काढून वसंतापर्यंत झाकून ठेवण्याची रीत जुनीच आहे. लाकूड, शिडे आणि दोरखंड यांनी ही निद्रा कशी काढावी हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले होते. मात्र एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नौकांत बॅटरी आली, आणि बाहेरून स्वस्थ दिसणारी पण आतून सतत बदलणारी वस्तू सांभाळण्याचा नवाच प्रश्न उभा राहिला.

1838 मध्ये मोरिट्झ याकोबी याने सेंट पीटर्सबर्गच्या नेव्हा नदीवर विजेची नौका चालवली तेव्हा हा प्रश्न नव्हता, कारण तिच्या विद्युतघटांतील जस्त वापरताच संपत असे आणि संपलेल्या वस्तूची निगा राखण्याचे कारण नसे. गास्तों प्लांते याने 1859 मध्ये शिशाच्या पत्र्यांचा, पुन्हा पुन्हा भारित करता येणारा घट तयार केला. 1881 मध्ये कामीय फोर याने पत्र्यांवर शिशाच्या ऑक्साइडचा लेप देण्याची युक्ती काढल्यावर तो व्यवहारात आला, आणि पुढच्याच वर्षी 45 संचायक घटांवर चालणारी ‘इलेक्ट्रिसिटी’ ही नौका लंडनमध्ये थेम्स नदीवर उतरली. 1893 च्या शिकागो प्रदर्शनात तर अशा 55 नौका प्रेक्षकांना फिरवत होत्या.

शिसे-आम्ल बॅटरी वीज देते तेव्हा पत्र्यांवर शिशाचे सल्फेट जमते आणि विरल गंधकाम्लातील आम्ल खर्ची पडून पाण्याचे प्रमाण वाढते. वापर नसतानाही ही क्रिया मंदगतीने चालूच राहते. तिला स्वयंविसर्जन म्हणतात. रिकामी बॅटरी महिनोन्‌महिने तशीच राहिली, तर सल्फेटचे बारीक कण मोठ्या, कठीण स्फटिकांत बदलतात आणि नंतरच्या चार्जिंगला दाद देत नाहीत. शिवाय, पूर्ण भारित बॅटरीतील द्रव उणे 60 अंश सेल्सिअसच्या आसपास गोठतो, तर विसर्जित बॅटरीतील पाणचट द्रव उणे 7-8 अंशांनाच गोठून पेटी फोडू शकतो. म्हणजे थंडीवर येणारा आळ बराचसा अन्यायाचा आहे. थंडीने स्वयंविसर्जन उलट मंदावते, आणि नुकसान होते ते बॅटरी रिकामी सोडल्यामुळे.

1912 मध्ये मोटारगाडीत विजेचा स्टार्टर आल्यानंतर हिवाळी साठवण हा अमेरिकी बॅटरी-दुकानांचा नेमाचा व्यवसाय झाला. त्या काळच्या कारागिरांच्या पुस्तकांत तिचे दोन प्रकार आढळतात. ‘ओल्या’ साठवणीत आम्ल आतच ठेवून अधूनमधून चार्जिंग करायचे, डिस्टिल्ड वॉटर घालायचे आणि द्रवाची घनता मोजणाऱ्या हायड्रोमीटरने स्थिती तपासायची. ‘कोरड्या’ साठवणीत बॅटरी पूर्ण भारित करून चक्क उघडली जाई: धन आणि ऋण पत्रे वेगळे केले जात, त्यांमधील लाकडी पडदे फेकून दिले जात, आणि ऋण पत्र्यांचे सच्छिद्र शिसे हवा लागताच तापू लागत असल्याने ते निवेपर्यंत पुन्हा पुन्हा पाण्यात बुडवावे लागत. वसंतात नवे पडदे, नवे आम्ल आणि दीर्घ चार्जिंग असा सगळा खटाटोप पुन्हा करावा लागे. बॅटरी सिमेंटच्या जमिनीवर ठेवू नये, ही अजूनही ऐकू येणारी ताकीद गळक्या, ओलसर पेट्यांच्या त्या जमान्यातली असावी. प्लास्टिकच्या पेटीला ती लागू नाही.

पुढे हे ओझे कारागिराकडून धातुशास्त्राकडे सरकले. पत्र्यांच्या जाळीला बळकटी यावी म्हणून शिशात अँटिमनी मिसळत, पण तोच स्वयंविसर्जन वाढवतो. 1935 मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत, मुख्यतः दूरध्वनी केंद्रांसाठी, शिसे-कॅल्शियम मिश्रधातू सुचवला गेला आणि कालांतराने तो वाहनांच्या व नौकांच्या बॅटऱ्यांत रुळला.

कोकण किनाऱ्यावर विश्रांतीचा ऋतू पावसाळा असतो, आणि जून-जुलैच्या मासेमारीबंदीत होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. तेथे गोठण्याची भीती नाही. मात्र तापमान दहा अंशांनी वाढले की स्वयंविसर्जन साधारण दुप्पट होत असल्याने दोन महिनेही पुष्कळ ठरतात.

लिथियम-आयर्न-फॉस्फेट बॅटरीने तर जुना नियमच फिरवला आहे: ती साठवायची ती अर्धीच भारित, आणि शून्य अंशाखाली ती सहसा चार्ज करायची नसते, कारण तेव्हा लिथियम ऋणाग्रात शिरण्याऐवजी त्याच्या पृष्ठभागावर धातुरूपात साचते.