नॉर्डालला देशाची जर्सी पुन्हा मिळालीच नाही

फुटबॉलचे जुने आकडे चाळताना मी गुन्नार नॉर्डाल या नावाशी नेहमी थांबतो. स्वीडनचा हा धिप्पाड फॉरवर्ड अग्निशमन दलात नोकरी करून खेळायचा. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये स्वीडनने सुवर्णपदक जिंकलं, त्या संघात त्याचे दोन भाऊही होते. देशासाठी ३३ सामन्यांत ४३ गोल!

जानेवारी १९४९ मध्ये तो इटलीच्या मिलान क्लबकडे गेला आणि सगळं बदललं. पैसे घेऊन खेळणाऱ्याला राष्ट्रीय संघात जागा नाही, असा स्वीडनचा तेव्हाचा नियम. तिकडे पठ्ठ्या पाच वेळा इटालियन लीगमध्ये सर्वाधिक गोल करणारा ठरला. इकडे २७ व्या वर्षीच त्याचं देशासाठी खेळणं संपलं.

पुढे नियम सैल झाला. १९५८ चा वर्ल्डकप स्वीडनमध्येच झाला. मिलानमधले त्याचे जुने साथीदार ग्रेन आणि लीडहोल्म थेट फायनल खेळले. ३६ वर्षांचा नॉर्डाल संघात नव्हता.

आग विझवायचा पगार घेतला तर चालतं, गोल मारायचा घेतला तर देशप्रेम कमी होतं, हे कुठलं गणित? हौशी खेळाचं कौतुक भरल्या पोटालाच परवडतं. नियम बदलतात हो, पण खेळाडूची उमेदीची वर्षं कोण परत देणार?