जपानी संख्याशब्द आणि अनुवाद

संख्या सर्व भाषांत सारखीच, निराळी असतात ती केवळ तिची नावे, हा समज अनुवादकाला चुकीच्या वाटेने नेतो. जपानी भाषेत तर तो मुळीच टिकत नाही. तेथे मोजणीच्या दोन परंपरा शेजारी शेजारी नांदत आल्या आहेत. ‘हितोत्सु, फुतात्सु, मित्त्सु’ ही देशी परंपरा होय. ‘इचि, नि, सान’ ही चिनी लिपी व विद्या यांच्यासमवेत आलेली.

देशी मालिकेत तीन म्हणजे ‘मि’ व सहा म्हणजे ‘मु’. चार म्हणजे ‘यो’ व आठ म्हणजे ‘या’. व्यंजन तेच राहते, स्वर पालटतो आणि संख्या दुप्पट होते. ह्या ‘या’ला प्राचीन वाङ्मयात ‘विपुल’ असाही अर्थ आहे. इ. स. 712 मध्ये सिद्ध झालेल्या ‘कोजिकी’त सर्पाला आठ मस्तके आहेत, देश आठ बेटांचा आहे आणि देवांचा समुदाय ‘याओयोरोझु’ आहे.

आगंतुक संख्यांनी देशी संख्यांना हुसकावले नाही. आठव्या शतकातील ‘मान्योशू’ ह्या काव्यसंग्रहात ‘शिशि’, म्हणजे शिकारीचे श्वापद, हा देशी शब्द काही ठिकाणी ‘सोळा’ ह्या चिनी अक्षरांनी लिहिला आहे. चिनी वळणाच्या उच्चारात चार म्हणजे ‘शि’. आणि चार चोक सोळा! वाचकाला पाढे मुखोद्गत असल्याखेरीज ही लेखनक्रीडा उमगणे शक्य नव्हते. पुढे ह्याच ‘शि’चा उच्चार मृत्युवाचक शब्दाशी जुळत असल्याने तो अशुभ ठरला, आजही मोजताना ‘इचि, नि, सान’ ह्यांच्यापुढे बहुधा देशी ‘योन’च येतो. एकतीस अक्षरांच्या कवितेस ‘मिसोहितोमोजि’ म्हणतात. त्यातील ‘एकतीस’ देशी, ‘अक्षर’ मात्र चिनी.

तेव्हा ‘याओयोरोझु’चे भाषांतर कसे करावे? शब्दशः आठशे गुणिले दहा हजार. ‘ऐंशी लक्ष देव’ म्हटले तर गणित बरोबर येते, पण जनगणनेचा भास होतो. ‘तेहतीस कोटी’ म्हटले तर परक्या मंदिरात आपलेच देव बसतात. ‘असंख्य’ म्हणावे, तर सर्प, बेटे व देव यांना जोडणारा आठाचा धागाच तुटतो. संस्कृतातून आपल्याकडे आलेला ‘अयुत’ हा शब्द नेमका दहा सहस्रांचा वाचक आहे. ‘आठशे अयुत देव’ असे म्हटल्यास गणित राहते, आठही राहतो आणि प्राचीनतेचा गंधही उरतो. अनुवादकाने संख्येचे केवळ मूल्य नव्हे, तर तिचे कुळही पाहिले पाहिजे.